काही अडचण नाही

शांतवन गुरुजींना दिसत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक श्रीरामपूरचा डोळ्यांचा डॉक्टर आणि दुसरे स्वतः गुरुजी. त्यातला डॉक्टर बेलापूरला येत नव्हता आणि गुरुजी कुणाला सांगत नव्हते, त्यामुळं झाकली मूठ सव्वा लाखाची होती.

काचबिंदूनं उजवा डोळा गेलाच होता. डाव्यातून दाराच्या फटीतून दिसावं तितकं दिसायचं, तेही लख्ख उन्हात. पण गुरुजी काय कमी बेरकी? घरापासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे चाळीस पावलं, तिथून चर्चपर्यंत दोनशे दहा, सगळं पाठ. बेलापूरच्या रस्त्यांवर धडधाकट माणूससुद्धा उभ्या सायकलीला, बसलेल्या कुत्र्याला नाहीतर वाळूच्या ढिगाला अडखळतो. गुरुजी वर्षभरात एकदाही अडखळले नाहीत. त्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

रविवारचा शास्त्रपाठ ही त्याच्याही वरची कडी. गेली एकवीस वर्षं चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा मान गुरुजींचा. आता ते शनिवारी फोनवर तो पाठ लावायचे, आठ-दहा वेळा ऐकून घोकून घ्यायचे आणि रविवारी पुस्तक उघडून खणखणीत आवाजात म्हणायचे. मध्येच थांबून पानसुद्धा उलटायचे. असल्या बारीकसारीक गोष्टींतच माणूस पकडला जातो, हे छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या मास्तरांना कुणी शिकवायचं?

एवढा खटाटोप कशासाठी, तर क्रिस्टीनासाठी. क्रिस्टीना ही गुरुजींची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला. आई गेल्यानंतर तिनं वडिलांना स्पष्ट बजावलं होतं, "पप्पा, तुम्हाला एकटं ठेवते ते तुमची तब्येत ठणठणीत आहे म्हणून. उद्या डोळे, गुडघे, काहीही कुरकुरलं की एक दिवस इथं ठेवणार नाही. बॅग भरायची आणि पुणे." आणि ती बोलली की करणारी होती, आईवर गेलेली. पुण्यातलं तिचं घर अकराव्या मजल्यावर. गुरुजी एकदा पंधरा दिवस राहून आले होते. खाली उतरलं की वॉचमन विचारायचा, "कुणाकडं आलात?" बेलापुरात त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. इथं निम्म्या गावाचे कान त्यांनी स्वतः पिळले होते. हे सगळं सोडून अकराव्या मजल्यावर जाऊन बसायचं? त्यापेक्षा पावलं मोजलेली बरी.

आता देवाची थट्टा बघा. ही क्रिस्टीना पुण्यात करत काय होती? तर संग्रहालयांत ठेवायची बोलकी मशीनं तयार करत होती. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला चालता येत नाही, ज्याला वाचता येत नाही, त्या सगळ्यांना वापरता येईल असं मशीन. आणि तिचं स्वतःचं पहिलं मशीन बसणार होतं बेलापूरच्या गावसंग्रहालयात. तिनंच हट्टानं गावाचं नाव सुचवलं होतं. आठवडाभर आधी तिचा फोन आला.

"पप्पा, शनिवारी चाचणी आहे. वेगवेगळ्या अडचणी असलेली माणसं बोलावलीत. पण तुलनेसाठी एक माणूस असा लागतो की ज्याला कसलीच अडचण नाही. मी तुमचं नाव लिहिलंय."

"उत्तम," गुरुजी म्हणाले आणि खाटेवर बसले.

गावसंग्रहालय म्हणजे सोसायटीचं जुनं गोदाम. आत मोट, पाभर, उसाचा चरक, गुळाची काहील, जाती, कंदील असं गावानं आणून टाकलेलं सगळं. राखणीला कानिफनाथ. या कानिफनाथाला बारा वर्षांच्या नोकरीत एकच वाक्य बोलायला लागायचं : "हात लावू नका!" आता त्याच्या पुढ्यात पुरुषभर उंचीचं एक मशीन आणून ठेवलं आणि सांगितलं, लोकांना हात लावायला सांग. बिचाऱ्याचा जीव दोन दिवस थाऱ्यावर नव्हता. गावानं मशीनला पहिल्या दिवशीच एटीएम म्हणून टाकलं. मशीनच्या बाजूला जुन्या फोनसारखा एक रिसीव्हर होता, खाली मोठी बटणं होती, आणि काच बोटानं चालायची.

शनिवारी दुपारी दोनला चाचणी सुरू झाली. चारला संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब येणार होते. लोक मशीन वापरतायत असं दिसलं तर मशीन राहणार, नाहीतर गाडीत घालून परत. त्या कोपऱ्यात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवावी, असं आबासाहेबांच्या मनात आधीपासून होतंच. पाटीला वीज लागत नाही आणि पहिलं नाव त्यांचंच होतं.

मशीन चालू झालं की काचेवर पहिला प्रश्न यायचा : 'आपली अडचण निवडा.' खाली चार चित्रं. फुली मारलेला डोळा, फुली मारलेला कान, चाकाची खुर्ची आणि फुली मारलेलं पुस्तक. जी अडचण निवडाल तसं मशीन वागणार. डोळा दाबला तर बोलून दाखवणार, कान दाबला तर खुणांच्या भाषेतली बाई येणार, पुस्तक दाबलं तर नुसती चित्रं आणि आवाज. सगळ्यात खाली एक भलंमोठं हिरवं बटण : 'काही अडचण नाही.' ते दाबलं की मशीन गप्प आणि अक्षरं बारीक.

पहिली आली पंकजा, पोस्टातली, चाकाच्या खुर्चीवरून. तिनं खुर्चीचं चित्र दाबलं, काच सर्रकन खाली आली, तिनं मोट बघितली, चरक बघितला, "मस्त केलंय गं," म्हणाली आणि ड्यूटीवर निघून गेली. क्रिस्टीनाचा चेहरा खुलला. पण पंकजाची खुर्ची आख्ख्या गावाला रोज दिसते. तिला लपवायला काय होतं? खरी गंमत पुढं होती.

दुसरी राहीबाई. गुरुजींच्या शेजारची, पंच्याहत्तरीची, उभा जन्म शेतात गेलेला. शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी हिला पत्ता नसतो. क्रिस्टीनानं तिला कानाच्या यादीत घातलं होतं. राहीबाईनं चित्रांवर नजर टाकली, मागं उभ्या असलेल्या बायांवर नजर टाकली आणि ठसक्यात हिरवं बटण दाबलं.

"मावशी, तो कान दाबा ना," क्रिस्टीना म्हणाली.

"आं?"

"कान! कान दाबा!"

"मला काय झालंय? माझं कान लई तिखट हायेत. माझ्या नणंदेला ऐकू येत न्हाई, तिच्यासाठी आले बघायला."

मशीन गप्प. राहीबाईला वाचता येत नव्हतं ते वेगळंच. ती काचेकडं बघत बसली, काच तिच्याकडं.

मग आला ज्ञानेश्वर, टेम्पोवाला. त्यानं डोळे बारीक करून काच न्याहाळली. "चष्मा घरी राह्यला," म्हणाला आणि हिरवं बटण दाबलं. या ज्ञानेश्वराचा चष्मा गेली चाळीस वर्षं घरीच राहत आलाय. बँकेत गेला की घरी, मतदानाला गेला की घरी. चष्मा अजून कुणी पाहिलेला नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही.

त्याच्यामागून आणखी सहा-सात जण आले. कुणी भाच्यासाठी आलं होतं, कुणी व्याह्यांसाठी. हिरव्या बटणाचा रंग उडायची वेळ आली. मशीनच्या हिशोबानं बेलापूर हे भूतलावरचं सगळ्यात निरोगी गाव ठरलं, आणि कुणीही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ त्यासमोर थांबलं नाही.

"पुण्यात चाचणी घेतली तेव्हा तर सगळे दाबत होते," क्रिस्टीना पुटपुटली.

अगं बाई, पुण्यात कोण कुणाला ओळखतं? इथं मागं सून उभी, बाजूला व्याही, दारात भिशीतली बाई. चारचौघांत कान दाबायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

"पप्पा, आता तुम्ही या," ती म्हणाली.

 गुरुजी चालत गेले ते अगदी रुबाबात. झगझगीत हिरवं बटण तेवढं त्यांना धूसर दिसलं, ते दाबलं. पुढं काचेवर काय आलं ते काचेलाच ठाऊक.

"वाचा बरं मोठ्यानं. अक्षरं नीट दिसतायत का बघू."

गोदामातली एकूण एक वस्तू गुरुजींना पाठ. पहिली मोटच असणार असं धरून त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं. "मोट ही चामड्याची असे. बैल उतारावरून खाली जात, तसतशी मोट वर येई..."

"पप्पा, ही पाभर आहे."

 गुरुजींनी हुकमी आवाज काढला. "पाभर आहे ते मला दिसतंय. पण सुरुवात मोटेनं हवी होती. आधी पाणी, मग पेरणी. क्रम चुकलाय तुझा."

क्रिस्टीना हसली. "तुमच्यापुढं कागद ठेवला की तुम्ही वाचत नाही, तपासता. जा, बसा."

गुरुजी बाकावर येऊन बसले. सुटलो, म्हणाले मनात. शर्ट पाठीला चिकटला होता.

साडेतीनला शेवटचा माणूस हिरवं बटण दाबून गेला. गेला म्हणजे कुठं गेला नाही, सगळे तिथंच उभे होते, गंमत बघत. क्रिस्टीनानं लॅपटॉप मिटला तो आवाज गुरुजींनी ऐकला.

"कानिफनाथदादा, प्लग काढून ठेवा. आबासाहेबांना दाखवायला काही नाहीये."

आवाज सरळच होता. पण शेवटच्या शब्दाला जरा खाली गेला. चौथीत असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेत भाषण विसरून ती स्टेजवरून खाली आली होती, तेव्हा ती असंच "काही नाही" म्हणाली होती. मग दोन दिवस जेवली नव्हती.  घोडं कुठं पेंड खातंय ते आख्ख्या गोदामात त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच कळलं नव्हतं. कसं कळेल? वर्षभर ते स्वतः तेच हिरवं बटण दाबून बसले होते. पण हे सांगायचं कसं? सांगितलं की ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग बॅग, गाडी, अकरावा मजला आणि वॉचमन.

कानिफनाथाची पावलं प्लगकडं निघाली.

"थांब रे," गुरुजी म्हणाले. "क्रिस्टी, तुझं पहिलं पान चुकलंय."

"पप्पा, प्लीज. आत्ता तपासणी नको."

"तपासणी नाही. तो प्रश्नच काढून टाक. चारचौघांत कुणाला अडचण विचारतात का? सगळ्यांशीच बोल. सगळ्यांनाच मोठं अक्षर दे, सगळ्यांनाच चित्र दाखव. ज्याला जे लागेल ते तो घेईल, तुला कशाला पुरावा हवा?"

"पण मशीनच्या हिशोबानं अडचण कुणालाच नाहीये ना! बघा की, एक पंकजाताई सोडली तर एकालाही नाही. तुम्हाला काय, तुम्हाला तर..."

"मला आहे."

"काय?"

गुरुजी उठून उभे राहिले. वर्गात उभं राहायचे तसे. "मला दिसत नाही. उजव्यानं अजिबात नाही, डाव्यानं नसल्यात जमा. मघाशी मी एक अक्षर वाचलं नाही."

झालं. मूठ उघडली. आता गावाला केवढा धक्का बसेल, बाया कशा हळहळतील, या विचारानं गुरुजींनी कान टवकारले.  

"पानी देऊ का, गुरुजी?" कानिफनाथानं विचारलं.

"अरे, मी काय सांगितलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं की."

"मग तुला काही वाटलं नाही?"

कानिफनाथ अवघडला. तेवढ्यात राहीबाईनं त्याच्या दंडाला धरून विचारलं, "काय म्हनले रं गुरुजी?"

"गुरुजी म्हनत्यात त्यांला दिसत न्हाई!" तो तिच्या कानात ओरडला.

"मंग?" राहीबाई म्हणाली. "ते तर दिवाळीपासनं दिसत न्हाई की!"

गुरुजींनी मान राहीबाईच्या आवाजाकडं वळवली.

"गुरुजी, तुमी रविवारी पुस्तक उलटं धरता," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "पाळकसाहेबांनी सांगितलं, कुनी हसायचं न्हाई."

"आन टपरीम्होरची सायकल मी रोज उचलतो सकाळी," ज्ञानेश्वर म्हणाला. "तुमी यायच्या टायमाला."

"वाळूचा ढीग सरपंचाला सांगून हलवला," कानिफनाथ म्हणाला. "तुमाला सांगितलं असतं, पन तुमी सांगितलं न्हाई, मंग आमी कसं सांगनार?"

गुरुजी मटकन खाली बसले. एकशे चाळीस पावलांचा तो अभिमान! वर्षभर आपण रस्ता पाठ केला म्हणून छाती काढून फिरलो, आणि ही गाढवं पुढं पुढं जाऊन रस्ता मोकळा करत होती. त्यांना राग आला, हसू आलं, आणि मग डोळ्यांना पाणी आलं. पाणी यायला काही दिसावं लागत नाही.

"आता गुरुजींनी सांगितलंच तर सांगते," राहीबाईनं पदर खोचला. "मला नणंदच न्हाई."

"त्या चष्म्याचं पन काई खरं न्हाई," ज्ञानेश्वर म्हणाला. "शाळेत गेलो असतो तर गुरुजींचाच मार खाल्ला असता."

लोक हसले. क्रिस्टीना हसली नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि काहीतरी इतक्या जोरजोरात बडवायला लागली की गुरुजींना बटणं तुटतील असं वाटलं. मध्येच एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. 

पंचवीस मिनिटांत पहिलं पान गेलं. आता मशीनसमोर कुणीही उभं राहिलं की ते आपणहून "या, बसा" म्हणायचं, बोलायचं, हातभर अक्षरं दाखवायचं, कोपऱ्यात खुणांची बाई हात हलवायची आणि मध्ये पाभर चालायची. राहीबाईनं रिसीव्हर कानाला लावला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि "हॅलो?" म्हणाली. मग एकदम ओरडली, "अय्यो, बोलतंय की गं! पन ही पेरनारी बाई चाड्यावर मूठ धरतीय का बैल हाकतीय? बी एका जागी पडंल सगळं! बदल ते!" क्रिस्टीनानं मुकाट्यानं लिहून घेतलं. चाळीस वर्षं पाभरीच्या चाड्यावर, त्या बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरलेल्या बाईपुढं कुणाची काय टाप.

आबासाहेब आले तेव्हा मशीनसमोर रांग होती. त्यांनी भुवया उंचावल्या, रांग मोडून पुढं गेले, रिसीव्हर उचलला आणि उसाच्या चरकाची सगळी माहिती उभ्यानं ऐकली. मग मोटेची ऐकली. मग काहिलीची. मागचे लोक ताटकळले. शेवटी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मान ताठ केली.

"माझ्यासाठी न्हाई हं. आमच्या मंडळींना हल्ली जरा कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी बघत होतो."

"व्हय, आबासाहेब," सगळं गोदाम एका सुरात म्हणालं.

"राहू द्या मशीन," ते म्हणाले. "पाटी बाहेर लावू."

लोक पांगले. क्रिस्टीनानं वायरी गुंडाळल्या, लॅपटॉप पिशवीत घातला. गुरुजी बाकावर बसून होते. तिच्या चपला त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"आख्ख्या गावाला माहीत होतं," ती म्हणाली. "मला सोडून. मी लोकांना शिकवते, न दिसणाऱ्या माणसाशी कसं वागावं. आणि स्वतःच्या बापाला म्हणते, मोठ्यानं वाचा."

"गावाला मी सांगितलं नव्हतं, बाळा."

"मला तरी कुठं सांगितलंत?"

"तू नेलं असतंस."

"नेलंच असतं!" आवाज फुटला तिचा. "त्याच दिवशी नेलं असतं. विचारलंसुद्धा नसतं."

 खरं होतं ते, आणि तिचं प्रेमही खरं होतं, म्हणून तर एवढी पंचाईत. उठायला हवं, एवढंच कळत होतं. ते उठले. आता ती दंडाला धरून गाडीत बसवणार, घरी बॅग भरणार. भांडायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पोरीनं दिवसभरात बरंच सोसलं होतं.

पण दंडाला हात लागला नाही. उलट त्यांच्या हाताच्या पाठीला तिचं कोपर येऊन टेकलं आणि तसंच राहिलं.

"तुम्ही धरा," ती म्हणाली. "मी नाही धरत."

त्यांनी चाचपून कोपर धरलं. तिच्या आईसारखंच हाडकुळं होतं.

"कुठं जायचं?" तिनं विचारलं.

वर्षभर गुरुजींनी या दिवसाची तयारी केली होती. 'चला' म्हणाली तर काय म्हणायचं, रडली तर काय, ओरडली तर काय, सगळी उत्तरं तयार होती. हा प्रश्न काही त्यांनी धरला नव्हता.

"घरी," ते म्हणाले. "आपल्या."

"बरं," ती म्हणाली आणि निघाली, पुण्याच्या चालीनं, भराभरा.

"जरा हळू चाल गं," गुरुजी म्हणाले. "मला दिसत नाही."